‘हातून राहिले’ आणि ‘निष्काळजीपणा केला’

गेल्या महिन्यात आमच्या मुलुंडच्या सोसायटीत गच्चीवरची टाकी रात्रभर वाहत राहिली, खालची टाकी रिकामी झाल्यावर पंपाची मोटर कोरडी चालून जळाली, आणि दुसऱ्या दिवशी त्यासंबंधीची नोटीस लिहिण्याचे काम कार्यकारिणीने माझ्याकडे दिले. माझी ३१ वर्षांची नोकरी आस्थापना शाखेत खुलासे, ज्ञापने आणि चौकशी अहवाल लिहिण्यात गेली असल्यामुळे असे मसुदे माझ्याकडे येतात. मला मिळालेल्या कच्च्या मजकुरात दोन वाक्ये होती. पहिले : ‘वॉचमनने निष्काळजीपणा केल्यामुळे सोसायटीचे नुकसान झाले असून ते त्याच्या पगारातून वसूल करण्यात येईल.’ दुसरे : ‘फ्लोट स्विचची दुरुस्ती काही कारणास्तव होऊ शकली नाही.’

पाणी भरले की मोटर आपोआप बंद करणारा तो स्विच बिघडल्याची तक्रार रजिस्टरमध्ये दोन महिन्यांपूर्वीच नोंदवलेली आहे. वॉचमनच्या वाक्याला कर्ता आहे, कार्यकारिणीच्या वाक्याला कर्ताच नाही, आणि ही दोन वाक्ये एकाच कागदावर एकाखाली एक वाचून मला फार वाईट वाटले.

नोटीस लिहिण्याआधी मी खाली जाऊन वॉचमनला विचारले. ते मूळचे पाटणकडचे, साठीला आलेले. त्या रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना इस्पितळात न्यायचे होते आणि लिफ्ट बंद होती, म्हणून त्यांना खुर्चीवर बसवून खाली आणणाऱ्यांत तेही होते. मात्र त्यांनी ही हकिगत स्वतःहून सांगितली नाही, ती मला नंतर शेजाऱ्यांकडून कळली. ते एवढेच म्हणाले, “ताई, मोटर मीच लावली होती. बंद करायचं माझ्या हातून राहिलं.”

‘हातून राहिले’ या शब्दांत काय काय आहे ते पाहा. काम माझे होते हे त्यात आहे, ते झाले नाही हे आहे, आणि मी ते मुद्दाम टाळले नाही हेही आहे. ‘कप फुटला’, ‘कप फोडला’ आणि ‘माझ्या हातून कप फुटला’ या तिन्हींतला फरक घरातले लहान मूलसुद्धा ओळखते आणि आईसमोर नेमके तिसरे वाक्य उच्चारते. ‘चुकणे’ या क्रियापदाचेही तसेच आहे. आपल्याकडे नेम चुकतो, वाट चुकते, गाडी चुकते. ठाण्याला सव्वानऊची लोकल आपण गाठू शकत नाही तेव्हाही आपण ‘माझी गाडी चुकली’ असेच म्हणतो. जे साधायचे होते ते साधले नाही, एवढाच त्या शब्दाचा मूळ भाव आहे. ‘माझे चुकले’ म्हणणारा माणूस म्हणून गुन्हा कबूल करत नसतो. पण समोरचा त्याच्या ‘चुकले’चा ‘निष्काळजीपणा केला’ करून टाकतो, आणि कबुली देणाऱ्यालाच ती महागात पडते.

‘दोष’ या शब्दाकडेही लक्ष वेधावेसे वाटते. आयुर्वेदात वात, पित्त आणि कफ यांना दोष म्हणतात. दृष्टिदोष असणाऱ्याला कोणी अपराधी मानत नाही. स्विचमध्ये दोष होता आणि वॉचमनचा दोष होता, या दोन वाक्यांत एका प्रत्ययाचे अंतर आहे, आणि आमच्या कच्च्या मसुद्यात स्विचमधला दोष गुपचूप वॉचमनचा झाला होता.

‘जबाबदार’ म्हणजे ज्याच्याकडे जबाब आहे, ज्याने उत्तर द्यायचे आहे तो. आपण मात्र ‘जबाबदार कोण?’ असे विचारतो तेव्हा मनात ‘शिक्षा कोणाला?’ हा प्रश्न असतो. १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा हिमालय पूल कोसळून ७ माणसे गेली, तेव्हा पहिले काही तास चर्चा पूल रेल्वेच्या अखत्यारीत की महापालिकेच्या, याचीच होती. त्याआधी २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, आताच्या प्रभादेवी स्थानकाच्या जिन्यावर २३ प्रवासी मरण पावले. त्या घटनेला आपण सर्वांनी ‘चेंगराचेंगरी’ म्हटले. मारामारी, ढकलाढकली, चेंगराचेंगरी : या घडणीच्या शब्दांत करणारे आणि सोसणारे एकच असतात. जिना अरुंद होता ही गोष्ट त्या शब्दात मावत नाही. उलट मेलेल्यांनीच एकमेकांना मारले, असे तो शब्द सांगतो. इतकी वर्षे तो शब्द मीही बिनदिक्कत वापरला, याची आता खंत वाटते.

कार्यालयात आम्हाला शब्द जपून वापरावे लागत. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये ‘ठपका ठेवणे’ ही किरकोळ शिक्षांपैकी पहिली शिक्षा आहे, आणि तेवढ्यासाठीही कर्मचाऱ्याला लेखी कळवून त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. आळ, बालंट, खापर या शब्दांना तशी काही अट नाही. खापर तर फुटण्यासाठीच असते आणि त्याला फक्त एक डोके लागते. बहुतेक वेळा ते डोके त्या जागी शेवटी उभ्या असलेल्या माणसाचे निघते. आमच्या इमारतीत तो माणूस दरमहा पगारासाठी त्याच कार्यकारिणीवर अवलंबून आहे, जिने स्विच बदलला नव्हता.

मी नोटीस अशी लिहिली : ‘फ्लोट स्विच बिघडल्याची तक्रार कार्यकारिणीकडे आली होती. कार्यकारिणीने तो बदलला नाही. त्या रात्री रुग्णाला खाली आणण्याच्या घाईत मोटर बंद करण्याचे वॉचमनच्या हातून राहिले.’ पगारातून वसुलीचे वाक्य मी काढून टाकले. अध्यक्षांनी मसुदा दोनदा वाचला, वसुलीचा विषय सभेत घेऊ म्हणाले, आणि ‘बदलला नाही’ खोडून तिथे पेनाने ‘बदलला गेला नाही’ असे लिहून दिले. रविवारी सभा आहे. पगार कापण्याबद्दल मी बोलणार आहेच, पण त्याआधी त्या ‘गेला’बद्दल बोलणार आहे.