रजिस्टर्ड करार इमारतीची हमी देत नाही

मुंबईत भाड्याचं घर शोधणाऱ्यांना हा सल्ला सर्रास फॉरवर्ड होतो: "लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर झालं, पोलिस व्हेरिफिकेशन झालं, पालिकेच्या धोकादायक यादीत नाव नाही, बाहेरून रंग नवा आहे, बिनधास्त राहायला जा." यातला एकही मुद्दा टिकत नाही.

करार आणि पोलिस. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणी सक्तीची आहे, ती कराच. पण तिथे ओळखपत्रं आणि मुद्रांक शुल्क बघतात. ओसी (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला) किंवा स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) कोणी मागत नाही. पोलिस पडताळणीही तुमचीच, इमारतीची नाही.

यादीत नाव नाही. सगळ्यांत घातक समज हाच. पालिका पावसाळ्याआधी जाहीर करते ती सी-१ ची यादी, म्हणजे रिकाम्या करून पाडायच्या इमारतींची. मोठी स्ट्रक्चरल दुरुस्ती लागणाऱ्या सी-२अ आणि सी-२ब तिच्यात दिसत नाहीत. शहर भागातल्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींची यादी तर म्हाडाचं दुरुस्ती मंडळ वेगळी काढतं. कुर्ल्यातली नाईक नगरची इमारत आधी सी-१ मध्ये होती, नंतरच्या ऑडिटमुळे दुरुस्तीच्या वर्गात आली आणि जून २०२२ मध्ये कोसळली. १९ जण गेले, त्यांत भाड्याने राहणारे मजूर बरेच.

म्हणून सेक्रेटरीकडे ऑडिट रिपोर्टच मागा. ३० वर्षांवरच्या इमारतीला पालिका कायद्याच्या कलम ३५३ब खाली तो लागतोच. तारीख, वर्ग आणि सुचवलेली दुरुस्ती झाली का, हे वाचा. टाळाटाळ झाली तर वॉर्ड ऑफिसच्या इमारत व कारखाने खात्यात विचारा: ३५४ ची (धोकादायक) किंवा ३५१ ची (बेकायदा बांधकाम) नोटीस आहे का?

रंग नवा आहे. स्टिल्टमधले (खालच्या मोकळ्या पार्किंगमधले) कॉलम, छज्ज्याची खालची बाजू आणि टॉयलेटचं छत बघा. पाणी मुरलं की आतली सळई गंजते, गंज जास्त जागा घेतो आणि वरचं काँक्रीट फुटतं. म्हणून सळईच्या रेषेत जाणारी उभी भेग, तांबूस डाग किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर ते घर सोडा. प्लास्टरवरच्या केसाएवढ्या जाळीदार भेगा वेगळ्या, त्यांना घाबरू नका. तळमजल्यावर दुकानाचं तोडकाम चालू असेल तर कॉलमला हात लावलाय का, ते आवर्जून बघा. घाटकोपरला २०१७ मध्ये इमारत पडून १७ जण गेले, तेव्हा तळमजल्यावरच्या नूतनीकरणावरच बोट ठेवलं गेलं होतं.

उंच इमारतीत अग्निसुरक्षेचा फॉर्म बी, म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, मागा. तो दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. हे सगळं टोकन देण्याआधी करा, नंतर घरमालक दाद देत नाहीत.