पॅक्ट कायद्याची मुदत संपलेली नाही

अमेरिकेच्या माजी सैनिकांमध्ये एक मेसेज फिरतोय: 'बर्न पिटच्या (लष्करी तळांवर कचरा जाळायच्या उघड्या खड्ड्यांच्या) धुरामुळे झालेल्या आजारांसाठी भरपाईचा दावा करायची मुदत ऑगस्ट २०२३ मध्येच संपली.' हे साफ चुकीचं आहे. १० ऑगस्ट २०२२ रोजी सही झालेल्या पॅक्ट कायद्यात, म्हणजे अशा आजारी माजी सैनिकांना भरपाई देणाऱ्या कायद्यात, दाव्याला अंतिम तारीखच नाही. २०२३ची ती मुदत फक्त मागच्या रकमेपुरती होती: तोवर अर्ज करणाऱ्यांना कायद्यावर सही झाल्या दिवसापासूनचे पैसे मिळू शकत होते. असल्या अफवेपायी कुणी हक्कावर पाणी सोडावं, हे सहन होण्यासारखं नाही.

इराक, अफगाणिस्तानातल्या तळांवर प्लास्टिक, टायर, दवाखान्याचा कचरा उघड्या खड्ड्यांत जाळला जायचा, तोही अनेकदा जेट इंधन ओतून. तिथे राहिलेल्यांना सीओपीडी (श्वास अडवणारा फुप्फुसांचा जुनाट आजार), जुनाट ब्राँकायटिस किंवा सेवेनंतर निदान झालेला दमा असेल, तर तो सेवेमुळेच झाला हे सिद्ध करावं लागत नाही. निदानाचे कागद मात्र लागतातच. स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबण्याचा आजार) अशा आजारांच्या यादीत नाही. त्यासाठी सेवेशी संबंध दाखवावा लागतो, पण दावा करता येतो.

आधी नाकारलेला दावाही पुन्हा मांडता येतो. कागद जमवायला वेळ लागणार असेल तर दावा करणार असल्याची नोंद आधी करून ठेवा. तिथून वर्षभराची सवड मिळते.