ठेकेदाराच्या माणसाने सरकारी कचेरीत कसं नांदावं

अभिनंदन! सरकारी कचेरीत खुर्ची मिळाली. गावाकडे कुणी विचारलंच, तर ‘कलेक्टर ऑफिसात आहे’ एवढंच सांगायचं. ‘ठेकेदारामार्फत’ हा शब्द लग्न ठरेपर्यंत गिळायचा.

आता आपला मालक कोण, हा प्रश्न डोक्यातून काढून टाका. पगार थकला की साहेब म्हणतील, “तुमचा आमचा संबंध नाही, ठेकेदाराला विचारा.” ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणेल, “बिलच निघालं नाही, ऑफिसला विचारा.” दोघंही आपापल्या जागी खरे असतात, फक्त किराणावाल्याला ते पटत नाही. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने, म्हणजे तुमच्या खात्याने, तो द्यावा आणि ठेकेदाराकडून वसूल करावा, असं १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१ मध्ये लिहिलेलं होतं. हे कलम पाठ करा, पण साहेबांपुढे म्हणून दाखवू नका. कलमं ऐकवणारा माणूस ऑफिसचं वातावरण बिघडवतो.

पगारपत्रकही मागू नका. भविष्य निर्वाह निधीत कामगाराचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के जातात, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तुमचा ठेकेदार दोन्ही वाटे तुमच्याच पगारातून कापतो. सगळ्यांत कमी दर भरून टेंडर घेतलेल्या माणसाने चार पैसे सोडवायचे तरी कुठून? एवढी समज हवी. कापलेले पैसे पासबुकात दिसतात का, हे पाहायचा नाद तर मुळीच करू नका, रक्तदाब वाढतो.

कामाचं म्हणाल, तर ते तुमचंच आहे. साहेबांच्या डिजिटल सहीचा डोंगल तुमच्या ड्रॉवरमध्ये, पासवर्डची चिठ्ठी तुमच्या कीबोर्डखाली. साहेब मीटिंगला गेले की दाखले त्यांच्या नावाने तुम्हीच झरझर मंजूर करायचे. ऑफिसच्या मस्टरवर मात्र तुमचं नाव नाही. तुमची हजेरी ठेकेदाराच्या वेगळ्या कागदावर; महिनाअखेरीस त्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवायचा. पाठवायला विसरलात, तर महिनाभर तुम्ही नव्हतातच.

६ सप्टेंबर २०२३ ला राज्य सरकारने ९ संस्थांमार्फत माणसं घ्यायचा शासन निर्णय काढला होता, आठवतं? अतिकुशल, कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी कांद्यासारखी प्रतवारी होती. ओरड झाली आणि ऑक्टोबरात तो रद्द झाला. ऑफिसात पेढे आले. तुम्हीही एक खाल्लात, हात पुसलेत आणि जुन्या ठेकेदाराच्याच खुर्चीत बसून रद्द झाल्याचं पत्र टाइप केलंत.

कायम होण्याची स्वप्नं पाहू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली उमादेवी खटल्यात सांगून ठेवलंय, रीतसर भरतीशिवाय आलेल्याला कायम होण्याचा हक्क नाही. रीतसर भरती कधी निघणार, ते साहेबांना विचारा. त्याची फाइल तुमच्याकडेच असते, हा भाग वेगळा.

मग एक दिवस ठेकेदार बदलतो. खुर्ची तीच, काम तेच, तुम्ही मात्र नवे. नवा फॉर्म, नवे फोटो आणि ‘प्रोसेसिंग’चे रोख पैसे, ज्यांची पावती मिळत नाही. ग्रॅच्युइटीची सलग ५ वर्षं कुठल्याच ठेकेदाराकडे भरत नाहीत. त्याच सुमारास एखादा कायम कारकून रुजू होईल. साहेब म्हणतील, “यांना सगळं काम नीट शिकवा, आजपासून हे तुमचे वरिष्ठ.” शिकवा. महिनाभरात त्यांना चिठ्ठी कुठे ठेवलीय ते कळेल. बाकीचं काम तुम्ही करताच आहात.