‘आधीच आत टाका’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

काका, (सत्तरी ओलांडली असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका.) तुमचा आक्षेप असा: भडक भाषण आणि चिथावणी यांत मी आधीच्या लेखात फरक केला, म्हणजे पुढाऱ्यांना मोकळं रान दिलं. तुम्ही विचारता, मांडवीसारख्या दगडफेकीच्या वस्तीत घर असलेल्या माणसाला दगड पडल्यानंतरचा कायदा काय कामाचा? जीभ सैल सोडणाऱ्याला आधीच आत टाका.

दगड पडेपर्यंत थांबा, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. कायदाही म्हणत नाही. प्रश्न एवढाच, की बोललं कोण, कोणासमोर, कोणत्या क्षणी. चंदीगडचा खटला घ्या. 31 ऑक्टोबर 1984, इंदिराजींची हत्या झाली त्याच दिवशी दोन सरकारी नोकरांनी नीलम चित्रपटगृहाबाहेर खलिस्तानच्या घोषणा दिल्या. साथ कोणीच दिली नाही. खालच्या कोर्टाने राजद्रोहाची शिक्षा दिली, 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने दोघांना सोडलं. हेच शब्द हत्यारं घेतलेल्या जमावापुढे उच्चारले असते, तर निकाल वेगळा लागला असता असं मला वाटतं.

‘आधीच आत टाका’ हा कायदा आपण भोगलेला आहे. जून 1897 मध्ये ‘केसरी’त मजकूर आला, आठवड्याभरात रँडवर गोळी झाडली गेली आणि टिळकांवर खटला भरला. लेखांमुळे काही दंगाधोपा झाला का, हे बघायची गरजच नाही, असं न्या. स्ट्रॅची यांनी ज्युरीला बजावलं. 18 महिने सक्तमजुरी! गणपतीत टिळकांच्या तसबिरीला हार घालून तोच कायदा परत मागायचा म्हणजे कमालच.

आणि आपल्या गुजरातेतलंच ताजं उदाहरण. जामनगरात एका खासदारावर कवितेपायी गुन्हा दाखल झाला. उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 ला रद्द केला. त्यासाठी आधार घेतला नागपूरच्या न्या. व्हिव्हियन बोस यांच्या जुन्या निकालाचा: शब्दांचा परिणाम खंबीर, धीट माणसाच्या मापाने जोखायचा, जिथे तिथे धोका हुंगणाऱ्याच्या नाही.

तुमचा राग मला कळतो, पण तो कलमावर काढू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम 196 समाजासमाजांत वैर पसरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद देतं. तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं. अडतं ते पुढे. सरकारची मंजुरी असल्याशिवाय कोर्ट या कलमाखालच्या खटल्याची दखलच घेऊ शकत नाही. बोलणारा सत्ताधारी पक्षाचा असला, तर मंजुरी कोण देणार? माझं भांडण तिथे आहे.

ज्या सभेतल्या भाषणावर तुमचा राग आहे, तिचा व्हिडिओ तुमच्या फोनमध्ये आहे म्हणता, तर मूळ फाइल पुसू नका. व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या प्रतीवर वकील पहिला आक्षेप घेतात. प्रत द्यायची असेल, तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागेल.