घोड्याचा पाय वर, म्हणून धनी रणात पडला?

सातवीतल्या भाचीच्या प्रकल्पवहीत हा मजकूर जसाच्या तसा उतरलेला पाहिला आणि राहवलं नाही. मोबाइलवर तो कित्येक वर्षं फिरतोय. अश्वारूढ पुतळ्यातल्या घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत असतील तर स्वार रणांगणावर धारातीर्थी पडला. एकच पाय वर असेल तर लढाईतल्या जखमांनी नंतर गेला. चारही पाय टेकलेले असतील तर नैसर्गिक मृत्यू. हा म्हणे जगभरातल्या शिल्पकारांचा नियम. आणि शेवटी शेपूट: ‘आपल्या चौकातला पुतळा तपासा, पाय चुकले असतील तर इतिहासाचा अपमान झाला आहे, आवाज उठवा.’

पहिल्या मुद्द्यासाठी लांब जायला नको. कोल्हापूरच्या कावळा नाक्यावर महाराणी ताराराणींचा पुतळा आहे. घोडा मागच्या दोन पायांवर उभा, पुढचे दोन्ही पाय हवेत. ताराराणी गेल्या १७६१ साली, साताऱ्यात, वयाची ऐंशी उलटल्यावर. कुठलं रण आणि कुठलं धारातीर्थ? शिवाजी महाराजांचे पुतळे तर गावोगाव आहेत. कुठे घोडा दोन पायांवर, कुठे एक पाय उचललेला, कुठे चारही टेकलेले. महाराज ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर आजारपणात गेले. नियम खरा मानायचा तर एकाच माणसाला तीन तऱ्हांचं मरण द्यावं लागेल. आणि संभाजी महाराजांना कैदेत हालहाल करून मारलं, त्यासाठी या कोष्टकात रकानाच नाही.

‘जगभरात’ म्हणताय, तर जगही पाहू. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांचा १८५३ चा पुतळा आहे. घोडा मागच्या दोन पायांवर. जॅक्सन १८४५ साली स्वतःच्या घरी आजारपणात गेले. सेंट पीटर्सबर्गमधला पीटर द ग्रेटचा १७८२ चा पुतळा तसाच, आणि पीटर गेला मूत्राशयाच्या दुखण्यानं. माद्रिदमध्ये राजा चौथा फिलिप यांचा १६४० चा पुतळाही दोन पायांवर. तो उभारला गेला तेव्हा राजा जिवंत होता, पुढे पंचवीस वर्षं जगला! शिल्पकारानं मरणाची तऱ्हा आधीच ताडली होती असं म्हणायचं का?

दुसरा मुद्दा, एक पाय वर म्हणजे जखमांनी मृत्यू. रोममधल्या मार्कस ऑरेलियसच्या घोड्याचा पुढचा उजवा पाय वर आहे, सम्राट मात्र आजारानं गेला. व्हेनिसमधल्या कोलेओनीच्या घोड्याचाही एक पाय वर, आणि तो सरदार १४७५ साली आपल्याच गढीत वारला. खरं तर घोडा नुसता चालत असला तरी एखादा पाय वर असतोच. दुडक्या चालीत कर्णातले दोन पाय एकत्र उचलले जातात, पुढचा डावा आणि मागचा उजवा. मागचे पाय उचलले तर काय समजायचं, यावर हा संदेश गप्प आहे.

मान्य करायचीच तर एक गोष्ट, तीही नाइलाजानं. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या १८६३ च्या रणभूमीवर, तिथल्या सेनानींच्या पुतळ्यांत, हा हिशेब बराचसा जुळतो. तिथे जखमी झालेल्या हॅनकॉक यांच्या घोड्याचा एक पाय वर आहे, तिथेच मारले गेलेल्या रेनॉल्ड्स यांच्या घोड्याचे दोन. बहुधा तिथूनच ही दंतकथा निघाली असावी. पण रेनॉल्ड्स यांच्या घोड्याचे ते दोन पाय एक पुढचा आणि एक मागचा आहेत. तो घोडा आपल्या दुडक्या चालीत आहे, उधळून उभा राहिलेला नाही. म्हणजे मूळ हिशेबसुद्धा आपल्याकडे येताना बदलला. आणि १९९८ साली तिथेच आणखी एक सेनानी, लाँगस्ट्रीट, यांचा पुतळा बसला, घोड्याचा एक पाय उचललेला. त्या लढाईत त्यांना खरचटलंही नव्हतं. झाशीच्या राणीचं उदाहरण लोक आवर्जून देतात. ग्वाल्हेरला घोडा दोन पायांवर आहे आणि राणी लढतानाच पडली, हे खरं. पण एक उदाहरण जुळलं म्हणून नियम होत नाही.

मग पाय कोण ठरवतं? वजन ठरवतं. एक घनफूट कांस्य म्हणजे जवळपास अडीचशे किलो. पुतळा आतून पोकळ ओततात आणि भिंत साधारण आठ मिलिमीटर ठेवली तरी दर चौरस मीटरला सत्तर किलो भरतात. हे सगळं घोड्याच्या सडपातळ पायांवर उभं करायचं असतं. इटालियन शिल्पकार दोनातेल्लोनं पंधराव्या शतकात पादुआत गाट्टामेलाता या सेनानीचा पुतळा केला, तेव्हा उचललेल्या खुराखाली त्यानं एक गोळा ठेवला. तो शोभेचा नाही, आधाराचा आहे. पुढच्या पिढीत कोलेओनीच्या घोड्याचा पाय गोळ्याशिवाय अधांतरी राहिला. पुढचे दोन्ही पाय उचलायला आणखी दीडशे वर्षं लागली. माद्रिदच्या पुतळ्यात शिल्पकार पिएत्रो ताक्कानं मागचा भाग भरीव ठेवला, पुढचा पोकळ आणि पातळ केला, आणि शेपटी जमिनीला टेकवून तिसरा पाय केला. पीटरच्या घोड्याखाली साप चिरडलेला दिसतो. लोक त्याला शत्रूचं प्रतीक म्हणतात, म्हणोत. पण घोड्याची शेपटी त्या सापाला भिडलेली आहे आणि पुतळ्याचा तोल त्यानं सांभाळला आहे. जॅक्सनच्या पुतळ्यात शिल्पकार क्लार्क मिल्सनं मागचे खूर थेट पोटाखाली, गुरुत्वमध्याच्या रेषेत आणले. प्रत्येकानं आपापल्या परीनं तोलाचं गणित सोडवलंय, आणि मरणाचा त्यात संबंध नाही.

म्हणूनच संदेशाचं ते शेपूट मला सगळ्यात घातक वाटतं. वर्गणी काढून चौकात पुतळा बसवू पाहणारी मंडळी हा मजकूर वाचतात आणि शिल्पकाराला सांगतात, ‘पाय वरच पाहिजेत, नाहीतर अपमान होईल.’ कमी पैशांत दोन पायांवरचा घोडा करायचा तर काटकसर कुठे होते? जिथे बघणाऱ्याला दिसत नाही तिथे, म्हणजे आतल्या सांगाड्यात. दोन पायांच्या घोड्यात पोलादी सांगाडा मागच्या पायांतून खाली उतरून चौथऱ्याच्या काँक्रीटमध्ये खोल रुतलेला हवा, नुसता वर बोल्टनं कसलेला नको. आत साधं लोखंड वापरलं आणि सांध्यातून पाणी शिरलं, तर कांस्याशी संगत होऊन ते लवकर गंजतं, फुगतं आणि बाहेरचं कांस्य फाडतं. मागच्या पायाचा गुडघ्याखालचा भाग अरुंद असतो आणि वाऱ्याचा ताण तिथे जास्त येतो. जोड नेमका तिथे ठेवला तर चीर तिथूनच सुरू होते. पोटाखाली पाणी निथळायला भोक ठेवायचं, तेही लोक ‘विद्रूप दिसतं’ म्हणून बुजवतात.

मालवणजवळ राजकोटावरचा महाराजांचा पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये, अनावरणाला नऊ महिने व्हायच्या आत कोसळला. त्यात घोडा नव्हता, महाराज दोन पायांवर उभे होते. तरीही. मातीचा नमुना कला संचालनालयाकडे मंजुरीला जातो, तेव्हा तिथे घोड्याचे पाय मोजण्यापेक्षा सांगाड्याचा नकाशा मागा आणि तोलाचं गणित संरचना अभियंत्याकडून तपासून घ्या.

गंमत म्हणजे मरणाची तऱ्हा सांगणारी दगडातली खूण आपल्याकडे खरोखरच आहे, आणि ती कुणाच्या मोबाइलवर येत नाही. वीरगळ पाहा, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीसाठी उभारलेली कोरीव शिळा. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या पट्टीत लढाई आणि पडलेला वीर, त्यावर अप्सरा त्याला वर नेताना, त्याच्यावर वीर शिवलिंगाची पूजा करताना, माथ्यावर सूर्य-चंद्र. खालच्या पट्टीत गाई कोरल्या असतील तर तो गोधन सोडवताना पडला. बोरिवलीजवळ एकसरला काही वीरगळांवर खालच्या पट्ट्यांत जहाजं आहेत, वल्ह्यांच्या रांगांसकट. त्या माणसांना मरण समुद्रात आलं, हे कळायला तिथे घोड्याचा पाय मोजावा लागत नाही.