कुत्र्याला उताणं पाडू नका: ‘अल्फा’च्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याने घरातल्या कुत्रीला उताणी पाडलं, छातीवर गुडघा ठेवला आणि तिच्या तोंडाशी तोंड नेऊन ‘गप्प!’ म्हणून ओरडत राहिला. ती गुरगुरत होती. ताई धावत आली आणि तिने त्याला मागे ओढलं, म्हणून काही झालं नाही. हे कुणी शिकवलं असं विचारल्यावर त्याने मोबाइल दाखवला. घरच्या ग्रुपवर मामांनी पुढे पाठवलेला मेसेज होता.

तो तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: कुत्रा म्हणजे घरात राहणारा लांडगाच. लांडग्यांच्या कळपात लढून जिंकलेला एक ‘अल्फा’ असतो आणि बाकीचे त्याच्या धाकात राहतात. तुम्ही अल्फा झाला नाहीत, तर कुत्रा होईल. म्हणून त्याच्याआधी तुम्ही जेवा, दारातून आधी तुम्ही बाहेर पडा, त्याला लांडग्यासारखं फक्त कच्चं मांस द्या. आणि तो गुरगुरला तर उताणा पाडून शरण येईपर्यंत दाबून धरा. मुलांनाही हे शिकवा.

‘मुलांनाही शिकवा’ हे वाचून माझे हात थरथरायला लागले. म्हणून त्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते.

लांडगे एकमेकांना असं धरून उताणे पाडतात, ही या सल्ल्यामागची समजूतच चुकीची आहे. दुबळा किंवा लहान लांडगा मोठ्यासमोर आपणहून आडवा होतो, पोट दाखवतो. ‘माझं तुझ्याशी भांडण नाही’ हे सांगण्याची ती त्याची पद्धत आहे. त्याला कुणी ढकललेलं नसतं. जो प्राणी दुसऱ्याला जबरदस्तीने खाली दाबून त्याच्या गळ्याशी येतो, तो जीव घ्यायला आलाय, एवढाच अर्थ खालच्याला कळतो. अशा वेळी कुत्रा दोनच गोष्टी करू शकतो: भीतीने गोठून जाणं किंवा चावणं. गोठलेल्या कुत्र्याला आपण ‘शरण आला’ म्हणतो. आणि चावलाच, तर समोर काय असतं? वाकलेल्या मुलाचा चेहरा.

हा माझा नुसता अंदाज नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० कुत्र्यांच्या मालकांना तुम्ही काय काय करून पाहिलंत असं विचारलं. अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. उताणं पाडून धरण्याचा प्रयोग ज्यांनी केला होता, त्यांच्यापैकी ३१ टक्के लोकांवर कुत्रा उलटला होता. मारल्यावर किंवा लाथ घातल्यावर ४३ टक्के, कुत्र्यावर आपणच गुरगुरल्यावर ४१ टक्के, डोळ्यांत डोळे घालून रोखून पाहिल्यावर ३० टक्के. हे कुत्रे आधीच त्रासलेले होते, हे मान्य. पण मेसेज तरी कुणासाठी आहे? गुरगुरणाऱ्या कुत्र्यासाठीच ना?

आणि गुरगुरणं हा गुन्हा नाही. ‘थांब, मला त्रास होतोय’ हे चावण्याआधी सांगायची ती सोय आहे. त्यासाठी शिक्षा केली की कुत्रा गुरगुरणं सोडतो, त्रास मात्र आत तसाच राहतो. मग एक दिवस तो न सांगता चावतो आणि सगळे म्हणतात, ‘अचानक काय झालं त्याला?’

आता या ‘अल्फा’बद्दल. ही कल्पना आली कुठून? १९४७ साली प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं निरीक्षण लिहून काढलं. एका कुंपणात कोंडलेले लांडगे. पटलं नाही तर निघून जायला वाट नाही. तिथे मारामाऱ्या होणारच. अमेरिकी लांडगेतज्ज्ञ डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात हा ‘अल्फा’ घेतला आणि तो सगळीकडे पसरला. पण हेच मेक १९८६ पासून दर उन्हाळ्यात कॅनडाच्या उत्तर टोकाच्या एल्समिअर बेटावर जाऊन रानातल्या लांडग्यांजवळ राहिले. त्यांना काय दिसलं? आई, बाप आणि त्यांची एक-दोन वर्षांतली पिल्लं. कळप म्हणजे कुटुंब. पिल्लं मोठी झाली की बापाला हरवत बसत नाहीत, जोडीदार शोधायला दूर निघून जातात. १९९९ साली मेक यांनी लेख लिहून स्पष्ट केलं की अशा कुटुंबात ‘अल्फा’ हा शब्द लावण्यात अर्थ नाही. पुढे स्वतःचंच ते पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. २०२२ मध्ये ते थांबलं. ज्याच्यामुळे हा शब्द जगभर गेला त्या माणसाने तो मागे घेतला, तरी आपल्या ग्रुपवर तो फिरतोच आहे.

‘कुत्रा म्हणजे लांडगाच’ यात अर्धं सत्य आहे, ते नाकारत नाही. कुत्रा लांडग्याच्याच वंशातला, दोघांचा संकरही होतो. पण आजचा लांडगा हा कुत्र्याचा आजोबा नाही, चुलत भाऊ आहे. ज्या लांडग्यांपासून कुत्रा आला ते केव्हाच नामशेष झाले. जर्मनीत माणसांसोबत पुरलेला कुत्रा सापडला, तोच सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचा. एवढ्या काळात वागणं बदलणारच. बुडापेस्टच्या संशोधकांनी लांडग्यांची पिल्लं जन्मापासून हातावर वाढवली आणि कुत्र्यांसोबत त्यांची परीक्षा घेतली. सुटूच शकणार नाही असं कोडं समोर आल्यावर कुत्रे थोड्या वेळाने मान वळवून माणसाच्या तोंडाकडे पाहू लागले. लांडगे कोड्याशीच झुंजत राहिले. अडला की तुमच्याकडे पाहणारा हा प्राणी. त्याला मदत करायची की त्याच्या छातीवर बसायचं?

एक गोष्ट मात्र मामांच्या बाजूने मान्य करावी लागते. कुत्र्यांमध्ये आपापसांत वरचढपणा असतो. ऑस्ट्रियातल्या एर्न्स्टब्रुन इथे लांडग्यांचे आणि कुत्र्यांचे कळप सारख्याच पद्धतीने वाढवून अभ्यासले जातात. तिथे खाण्यावरून दुबळ्याला दूर ठेवण्यात कुत्रेच जास्त कडक निघाले. लांडगे कुरकुरत का होईना, एकाच तुकड्यावर शेजारी शेजारी खात होते. म्हणजे धाकदपटशासाठी ज्या लांडग्याचा दाखला दिला जातो, तोच जास्त सोशिक. आणि कुत्र्यांचं हे आपापसांतलं वागणं माणसाशी असलेल्या नात्याला लावायला काहीही आधार नाही.

बाकीचे मुद्दे भरभर. आधी कोण जेवतं याने कुत्र्याला काही फरक पडत नाही. त्याची वेळ ठरलेली असली म्हणजे झालं. दारात थांबायला जरूर शिकवा, पण ते तो गाडीखाली येऊ नये म्हणून. कच्च्या मांसाचं म्हणाल, तर पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात साधारण दोन प्रती असतात आणि कुत्र्यात ४ ते ३०, म्हणजे भात-पोळीसारखं पिष्टमय खाणं कुत्र्याला लांडग्यापेक्षा चांगलं पचतं. हे २०१३ साली प्रसिद्ध झालेलं आहे. माणसाच्या उष्ट्याखरकट्यावर वाढलेल्या प्राण्याचं पोट ते.

ताईच्या कुत्रीला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. डावा कान आतून सुजून लाल झाला होता. भाचा लाडाने तिचे कान ओढायचा, म्हणून ती त्याच्यावर गुरगुरायला लागली होती. आणि मेसेज वाचून त्याने त्याच गुरगुरण्याची तिला शिक्षा दिली. आता रोज दोनदा कानात थेंब घालायचे आहेत. भाचा शेजारी बसून तिला खाऊ भरवतो, थेंब ताई घालते. मामांना मी फोन करून सगळं सांगितलं आणि जिथे जिथे तो मेसेज पाठवलाय तिथे हेही पाठवा म्हटलं.