आकडा आहे, नावे नाहीत

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाची एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे, आणि गेले कित्येक महिने ती कोणालाही वाचता आलेली नाही, कारण तिच्यासमोर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स लागतात. एक उतरला की त्याच चौकटीवर दुसरा चढतो. त्या लोखंडी चौकटीचा एक पाय पाटीच्या खालच्या कोपऱ्यावर रेटून उभा केलेला आहे आणि तेथून संगमरवराचा टवका उडाला आहे. मी हे ग्रामपंचायतीच्या कानावर घातले, तेव्हा तेथील एका जबाबदार माणसाने मला विचारले, "त्या पाटीवर कोणाचे नाव तरी आहे का?" या प्रश्नाने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाटीवर खरोखरच कोणाचेही नाव नाही, आणि शंभर वर्षांत ते लिहावे असे आमच्यापैकी कोणालाही वाटले नाही.

सातारा, रत्नागिरी, रायगड या भागांत फिरणाऱ्यांनी अशा पाट्या पाहिल्या असतील. १९१४ ते १९१९ या महायुद्धात या गावातून इतके पुरुष गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यांवरील मजकूर असतो. सातारा जिल्ह्यातील आपशिंगे या एकट्या गावाचे ४६ जवान त्या युद्धात पडले, म्हणून त्या गावाच्या नावापुढे आजही 'मिलिटरी' हा शब्द लागतो. आमच्या भागातील पुष्कळ माणसे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढली. तेथील कुत या गावी डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. घोडी कापून खाण्याची वेळ आली, धान्य संपले, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी फौजेने शरणागती पत्करली. नंतर कैद्यांना वाळवंटातून पायी चालवत नेण्यात आले. त्यांतील कित्येक जण वाटेतच गेले आणि उरलेल्यांना लोहमार्गाच्या कामावर राबवण्यात आले. अशा मृत्यूंसाठी इंग्रजांनी बसऱ्याला प्रचंड स्मारक उभारले, परंतु गोऱ्या शिपायांची नावे दगडात कोरताना हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीनिहाय आकडे आले. अधिकाऱ्यांखेरीज इतरांची नावे त्यांनी कोरलीच नाहीत. आमच्या चावडीची पाटी त्याच हिशोबाची आहे.

परक्या सरकारला हे शिपाई आकडा वाटले, हे मी समजू शकतो. परंतु ती पाटी बसली तेव्हा गावात प्रत्येक घराला ठाऊक होते की कोण गेला, कोण परतला आणि कोणाची बायको किती वर्षे वाट पाहत राहिली. ती माणसे १९६०-७० पर्यंत हयात होती. त्यांच्याकडून नावे विचारून घ्यायला कागद-पेन्सिलीपलीकडे काहीही लागत नव्हते. मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी एकावन्न रुपये देणाऱ्याचेही नाव आमच्याकडे फरशीवर कोरले जाते. सभामंडपातल्या पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचे नाव असते, स्मशानातल्या बाकड्यावर असते. ज्यांनी प्राण दिले, त्यांच्यासाठी मात्र आम्ही इंग्रजांनी दिलेल्या आकड्यावर समाधान मानले, आणि वर वेशीवरच्या कमानीवर 'वीर जवानांचे गाव' असे मोठ्या अक्षरांत रंगवून घेतले. कोणते वीर, असे त्या कमानीखाली उभे राहून विचारले, तर तीन नावे सलग सांगणारा माणूस सापडत नाही.

ही नावे कायमची नाहीशी झाली आहेत असे समजण्याचेही कारण नाही. त्या युद्धाच्या चांदीच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असे. भिंग घेऊन पदक उजेडात हळूहळू फिरवले की अक्षरे वाचता येतात. असे एक पदक मी गावातल्याच एका घरात हातात घेतले आहे. देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या बिल्ल्यांच्या आणि मोडक्या जोडव्यांच्या ढिगात ते पडले होते. घरातल्या माऊलींनी सांगितले की असेच दुसरे एक होते, ते नातीच्या पैंजणांसाठी सोनाराकडे मोडीत घातले. त्यांच्यावर मी रागावू शकत नाही. त्या घरात आजवर कोणी येऊन हे काय आहे, कोणाचे आहे, असे विचारलेलेच नव्हते. माझा राग आहे तो दरवर्षी व्यासपीठावरून 'शूरवीरांच्या या पवित्र भूमीत' अशी भाषणे ठोकणाऱ्यांवर, ज्यांना त्या घराचा उंबरठा ओलांडून डबा उघडायला कधी सवड झाली नाही.

त्या भाषणांविषयीही एकदा स्पष्ट लिहिलेच पाहिजे. आमच्या आळीत एक आप्पा आहेत. १९७१ च्या डिसेंबरात ते पहिल्या मराठा पलटणीत, म्हणजे जंगी पलटणीत होते आणि आजच्या बांगलादेशातील जमालपूरच्या लढाईत लढले. ब्रह्मपुत्रा ओलांडून शत्रूच्या पाठीमागे जाऊन बसायचे, त्याची वाट अडवायची आणि रात्री तो चालून आला की जागचे हलायचे नाही, असे ते काम होते. आप्पा हे फारसे बोलत नाहीत, परंतु शांतपणे बसून विचारले तर ओळीने सगळे सांगतात. दर १५ ऑगस्टला त्यांना शाळेच्या पटांगणात बोलावले जाते. ते कडक इस्त्रीचा सदरा घालून, पदके लावून वेळेआधी येतात. प्रमुख पाहुणे मात्र वेळेवर येत नाहीत. झेंडा कसाबसा वेळेत चढतो, परंतु सत्कार पाहुण्यांच्या हस्तेच व्हायचा असतो, म्हणून पंचाहत्तरीचा हा माणूस उन्हात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ताटकळत बसून राहतो. मग सूत्रसंचालक 'कारगिलचे वीर' म्हणून त्यांचे नाव पुकारतो. कारगिलचे युद्ध १९९९ चे आहे आणि आप्पा त्याच्या कितीतरी आधी निवृत्त झालेले होते. हे सूत्रसंचालकाला मी सांगितलेले आहे, लिहून दिलेले आहे, तरीही पुढच्या वर्षी तेच. शाल आणि श्रीफळ दिले जाते, फोटोसाठी "मेजर, जरा इकडे बघा" असे ओरडले जाते आणि माईक पुन्हा पाहुण्यांकडे जातो. आप्पांना दोन शब्द बोला, असे आजवर एकदाही कोणी म्हटलेले नाही. पटांगणात शे-दोनशे मुले बसलेली असतात. जमालपूर कोठे आहे, हे त्यांना सांगू शकणारा माणूस समोर बसलेला असतो, आणि ती मुले पाहुण्यांनी मंजूर करून आणलेल्या गटारांची यादी ऐकून घरी जातात.

जो युद्धात पडतो, त्याच्या बाबतीत तरी वेगळे घडते का? तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात येते, तेव्हा सारा तालुका लोटतो. फुलांनी सजवलेल्या वाहनापुढे 'अमर रहे'च्या घोषणा होतात आणि शेतात अंत्यसंस्काराला जागा पुरत नाही. त्या दिवशीचे लोकांचे रडणे खरे असते, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु त्याच गर्दीत चौकाचौकांत श्रद्धांजलीचे फ्लेक्स उभे राहतात, आणि त्यांवर जवानाच्या छायाचित्राभोवती तालुक्यातील यच्चयावत पुढाऱ्यांचे हात जोडलेले चेहरे छापलेले असतात. काही फ्लेक्सवर तर नेत्याचा चेहरा जवानापेक्षा मोठा असतो. ज्या आईचा मुलगा गेला आहे, तिने घरातून बाहेर पडल्यावर हे पाहायचे. त्याच दिवशी स्मारकाची घोषणा होते, रस्त्याला नाव देण्याची घोषणा होते, शाळेला नाव देण्याचीही होते. मग तेरावे होते, वर्षश्राद्ध होते आणि घोषणा हवेत विरून जातात. फार तर एक सिमेंटचा चौथरा उभा राहतो, ज्याच्या साखळीवर शेजारचे लोक गोधड्या वाळत घालतात. वीरपत्नीला पहिल्या वर्षी पाच कार्यक्रमांना नेले जाते. पुढे पुढे तिला ध्वजदिनाचे, म्हणजे ७ डिसेंबरचे, निमंत्रणही पोचत नाही.

त्याहूनही मला अधिक लाज वाटते ती एका गोष्टीची, आणि ती लिहिल्यावाचून हे सारे लिहिणे अर्धवट राहील. गावात जेव्हा केव्हा सैनिकांची यादी करण्याची चर्चा होते, तेव्हा ती यादी गावठाणातच थांबते. महार, चांभार, रामोशी यांच्या वस्त्यांमधून किती जण पलटणीत गेले, हे कोणी मोजत नाही. वास्तविक इंग्रजांनी भरती बंद करण्याआधी महार शिपायांच्या पिढ्यान् पिढ्या फौजेत होत्या. पहिल्या महायुद्धात त्यांची १११ क्रमांकाची पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि काम संपताच १९२१ मध्ये मोडली गेली, आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभारावीच लागली. खुद्द बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते. चावडीच्या पाटीवरील आकड्यात या वस्त्यांतली माणसे धरलेली आहेत की नाहीत, हे आज सांगता येत नाही, आणि नावे न लिहिल्याचा सर्वांत मोठा तोटा हाच आहे. आकड्याला जात चिकटवता येते, आकडा आपल्या भावकीच्या नावावर खपवता येतो, आणि आमच्या गावात तो तसा खपवला गेलेला आहे.

आता इटलीकडे पाहा. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान, मिळाला. त्यांचा देह मिळाला नाही, म्हणून कसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे. त्याच भागातील मोंतोने या छोट्या गावाने जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावाने स्मारक उभारले, तेही एक सूर्यघटिका. मोंतोनेच्या लोकांचे घाडग्यांशी रक्ताचे नाते नाही, भाषेचे नाही, धर्माचे नाही. ऐंशी वर्षांनंतर त्यांनी एका मराठी पोराचे पूर्ण नाव, पलटण आणि तारीख शोधून काढली. आम्ही आमच्या चुलत पणजोबाचे नाव शोधू शकत नाही, कारण आमच्याकडे 'निधी नाही'.

निधीचे हे कारण तर मी यापुढे ऐकूनच घेणार नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये 'मेरी माटी मेरा देश' मोहिमेत गावोगावी शिलाफलक बसले. त्यावर स्थानिक वीरांची नावे यायची होती. आमच्याकडे दगड आला, वरचा मजकूर आला, आणि नावांची जागा भरण्यासाठी ऐनवेळी दोन-तीन जणांना फोन करून जी सुचली ती नावे घातली गेली. एका हवालदाराचे आडनाव चुकले, एकाच्या वडिलांचे नाव गळले, आणि ते दुरुस्त करा म्हटले तर "आता दगड कोरला गेला" असे उत्तर मिळाले. दगड होता, पैसा होता, मुदत होती. तरीही चार घरी जाऊन विचारण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत.

माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टीत माफी आहे. म्हणजे गावात आज हयात असलेला प्रत्येक माजी सैनिक आणि प्रत्येक विधवा यांची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात असलीच पाहिजे. त्यापुढची माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते, आणि त्यामागची घराघरांतल्या ट्रंकांमध्ये, डिस्चार्ज बुकात, पेन्शनच्या कागदांत आणि पदकांच्या कडांवर आहे. हायस्कूलची दहा मुले आणि एक कळकळीचे शिक्षक एका दिवाळीच्या सुटीत हे काम पूर्ण करतील.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी लेखी ठराव मांडणार आहे. चावडीसमोरची फ्लेक्सची चौकट कायमची काढावी. सर्व वस्त्यांमधील सैनिकांची यादी नाव, वडिलांचे नाव, पलटण आणि वर्षासह करावी. ती नोंदवहीत लिहून ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, हरकती घ्याव्यात आणि मगच दगडाला हात लावावा. आणि पुढच्या १५ ऑगस्टला पाहुण्यांच्या आधी आप्पांच्या हातात माईक द्यावा. ठरावाला सूचक मी आहे, अनुमोदक मिळालेला आहे, आणि विषयपत्रिकेत जागा नाही असे कोणी म्हटले, तर तसे लेखी मागून घेणार आहे.